पहिला प्याला आणि शेवटचा प्याला



दारू वाईट आहे, हे ह्या पत्राच्या वाचकांस नव्याने सांगावे लागेल असे नाही. तिच्या पायी शेत गहाण पडते, घरातील भांडे मोडीत जाते, बायकोच्या अंगावर वळ उठतात, हे खेड्यातील लहान मूलही जाणते. तेव्हा त्याच गोष्टी पुन्हा उगाळण्याकरिता आज लेखणी हाती घेतलेली नाही. आजचा प्रश्न निराळा आहे, आणि तो मंडळीच्या प्रत्येक पंचासमोर व प्रत्येक उपदेशकासमोर केव्हा ना केव्हा येऊन उभा राहतो. तो हा की, जो मनुष्य दारूच्या सर्वस्वी अधीन झाला आहे, त्यास आपण अपराधी समजावे की रोगी? त्याला शासन करावे की औषध द्यावे? ह्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार घाईने दिले. त्या घाईला काय फळ आले ते आधी सांगतो, आणि मग विचारास लागू.

सेनगाव तालुक्यातील एका खेड्यात आपल्या मंडळीतील एक शेतमजूर राहत असे. त्याचे व गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मनुष्य कामाला खंबीर, स्वभावाने गरीब. सोयाबीनच्या काढणीत दोघांचे काम एकटा उरकी. परंतु आठवडी बाजाराच्या दिवशी हाती आलेली मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच देशीच्या दुकानात रिकामी होई. पुढे पुढे बाजाराचा दिवस व इतर दिवस हा भेदही उरला नाही. सकाळी तोंड धुण्यापूर्वी त्याला प्याला लागू लागला. बायको निंदणीला जाऊन दोन मुलांचे पोट भरीत होती.

पंचांनी त्याला दोनदा ताकीद दिली. तिसऱ्या वेळी मी स्वतः म्हणालो, "येत्या रविवारी सर्वांसमोर शपथ घे, नाही तर तुझे नाव यादीतून काढावे लागेल." त्याने शपथ घेतली. उपासनेत उभा राहून, डोळ्यांत पाणी आणून, आजपासून थेंबालाही शिवणार नाही, असे तो बोलला. मंडळीला हर्ष झाला, मलाही झाला. त्या दिवशी तो खरोखरच प्याला नाही. सोमवारी त्याचे हात कापू लागले, अंगाला घाम सुटला, अन्न पोटात ठरेना. मंगळवारी रात्री तो अंथरुणावरून उठून भिंतीवरचे किडे झाडू लागला. भिंतीवर किडे नव्हते. पोटच्या मुलाला तो ओळखीना. शेजाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणाले, सोंग आहे. मला निरोप आला तेव्हा मी उलट निरोप पाठविला की, सैतान सोडून जाताना झोंबतोच, धीर धरा, सकाळी येऊन प्रार्थना करतो.

पहाटे त्याच्या बायकोने पदराच्या गाठीचे पैसे सोडून शेजारून पाव बाटली आणविली व आपल्या हाताने त्याला पाजली. तो निवळला आणि झोपी गेला. दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. शपथ तीन दिवसही टिकली नाही, असे पंच म्हणाले. पुढच्या बैठकीत आम्ही त्याचे नाव यादीतून काढले व त्यास प्रभुभोजनाची मनाई केली. ठराव मीच लिहिला, आणि त्याखाली सही माझी आहे.

त्यानंतर त्याची बायकोही उपासनेस येईनाशी झाली. मी भेटीस गेलो. ती चुलीपुढे बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाळकसाहेब, पाजली म्या. मग नाव त्याचंच काऊन खोडलं? मव्हंबी खोडा." मजजवळ उत्तर नव्हते. मी तसाच परत आलो.

काही महिन्यांनी एका डॉक्टरांशी बोलण्याचा योग आला. ही सारी हकीकत ऐकून ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक उपदेशकाने नीट लक्षात ठेवावे असे आहे. दारू मेंदूचे व्यापार मंद करते. ती रोज आणि पुष्कळ पोटात जाऊ लागली म्हणजे मेंदू त्या मंदपणास तोंड देण्याकरिता आपला जोर वाढवितो. दोन माणसे एकाच दाराला दोन्ही बाजूंनी रेटीत असावी, तसे हे आहे. एकाने अकस्मात अंग काढून घेतले तर दुसरा तोंडघशी पडतो. दारू एकाएकी थांबली की काही तासांतच हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कित्येकांस भ्रम होतो. नसलेले किडे, साप, माणसे त्यांना दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. सर्वांनाच इतके होत नाही. परंतु ज्यास होते, त्याचा उपचारावाचून प्राणही जाऊ शकतो. रुग्णालयात शांत करणारी औषधे आधी पुरेशी व मग कमी कमी करीत देतात, जीवनसत्त्व ब-१ टोचतात, आणि बहुधा आठवड्याभरात हा धोका टळतो.

"त्या बाईने केले ते औषध नव्हे," डॉक्टर म्हणाले. "तसे कोणी करू नये, त्याला रुग्णालयात आणावयास हवे होते. पण आपला माणूस मरणाच्या दारी आहे, हे निदान तिने ओळखले. तुम्ही ते ओळखले नाही."

ज्या प्याल्यास मी शपथभंग म्हटले, तो प्याला एका अडाणी स्त्रीच्या मते जीव वाचविण्याचा यत्न होता. आणि ज्या शपथेस मी धर्मकृत्य समजलो, तिने त्या मनुष्यास मृत्यूच्या काठावर नेले. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कित्येक म्हणतात, मद्यपी हा अपराधीच आहे, त्याच्या तोंडात कोणी बळेने ओतीत नाही, त्यास शासन झालेच पाहिजे. ह्या मताच्या बाजूने एक प्रसिद्ध उदाहरण दाखविता येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे, १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातील नोकरी सोडून आल्यानंतरच्या काळात, गावाने दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या. सांगूनही न ऐकणाऱ्यास देवळापुढील खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यात येई, हे स्वतः हजारे यांनीही लपविलेले नाही. गाव सुधारले, हेही खरे. परंतु ते पट्ट्याने सुधारले काय? त्याच वर्षांत त्या गावात बांधबंदिस्ती झाली, पाणी अडविले गेले, हातांना काम मिळाले, शाळा उभी राहिली. पट्टा पाहणाऱ्यांस पट्टाच दिसतो, पाझर तलाव दिसत नाही. ज्या गावी काम नाही, पाणी नाही आणि उचल घेऊन ऊसतोडीला जाण्यावाचून गती नाही, तेथे नुसता पट्टा नेल्यास अंगावर वळ मात्र वाढतील.

शिवाय दोष देण्याचा एक साधा नियम आहे, आणि तो आपण सर्वच मानतो. जे टाळणे मनुष्याच्या हाती होते ते त्याने टाळले नाही, तरच त्याला दोष लागतो. झोपेत कोणाचा पाय दुसऱ्यास लागला तर आपण त्याला लाथ म्हणत नाही. त्या शेतमजुराने वीस वर्षांपूर्वी एखाद्या वरातीत पहिला प्याला उचलला, तेव्हा तो खाली ठेवणे त्याच्या हाती होते. बुधवारच्या पहाटे मुलाला न ओळखणाऱ्या त्या मनुष्याच्या हाती काय होते? काहीच नाही. मधल्या कोणत्या प्याल्याला तो स्वतंत्र होता आणि कोणत्या प्याल्यापासून दास झाला, ती रेघ त्याला दिसली नाही व आपणांसही दिसत नाही. परंतु रेघ दिसत नाही म्हणून दोन्ही टोके एकच होतात, असे नव्हे. नदीच्या उतारावर पाणी गुडघ्याएवढे केव्हा संपले आणि गळ्याएवढे केव्हा झाले हे सांगता आले नाही, तरी गुडघाभर पाण्यातल्यास हाक मारावी व बुडणाऱ्यास दोर टाकावा, एवढे सर्वांस कळते.

दुसरा पक्ष म्हणतो की, हा रोग आहे आणि रोग्यास दोष नाही. ह्या पक्षालाही मोठा आधार आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या महासंस्थेने १९५६ साली मद्याधीनता हा रोग असल्याचे मान्य केले. आपल्या महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उघडले. तेथे मारहाण व अपमान ह्यांस थारा नाही, आणि तेथे बरे झालेले कित्येक पुढे कार्यकर्ते होऊन नव्याने आलेल्यांस आधार देतात. अशा केंद्रांतून हजारो घरे पुन्हा उभी राहिली आहेत.

तथापि ह्या मतातही एक खळगा आहे. "हा रोग आहे, मी काय करू?" असे म्हणून कोणी खाटेवर निजून राहिला आणि बायकोच्या कमाईवर पीत बसला, तर त्यास काय उत्तर द्यावे? माझे उत्तर असे. मधुमेह झाला ह्यात मनुष्याचा दोष असेल वा नसेल, पण औषध हाताशी असून ते न घेणे व गुळाची ढेप फोडून खाणे ह्याचा दोष त्याचाच. तसेच तहान लागणे हे त्या मद्यप्याच्या हाती उरले नसेल, पण ज्या घटकेला तो शुद्धीवर असतो त्या घटकेला "मला दवाखान्यात न्या" असे म्हणणे त्याच्या हाती असते. त्याच्या जबाबदारीचे क्षेत्र आकसले आहे, नाहीसे झालेले नाही. तेवढ्या टिचभर जागेवर त्याला उभे करणे, हेच त्याच्या मित्राचे काम.

आणि हे केवळ माझे तर्कशास्त्र नव्हे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी दोन मद्यपी, एक शेअरांचा दलाल व एक शस्त्रवैद्य, एकमेकांस आधार देऊन सुटले, आणि त्यांपासून मद्यप्यांची एक अनामिक बंधुसभा निघाली. ती आज जगभर आहे, व आपल्या देशातही तिच्या सभा भरतात. तेथे येणाऱ्यास पहिल्या पायरीला कबूल करावे लागते की, दारूपुढे माझे काही चालत नाही. परंतु पुढच्या पायऱ्यांवर त्यास आपण ज्यांची हानी केली त्या सर्वांची यादी करावी लागते, आणि शक्य तेथे ती भरून द्यावी लागते. पाहा, ज्यांनी हा दाह स्वतः भोगला, ते "मी हतबल आहे" आणि "मीच देणेकरी आहे" ही दोन्ही वाक्ये एका श्वासात बोलतात. अपराधी की रोगी, हा वाद आपण काठावर बसलेले घालतो. जो पाण्यातून वर आला आहे तो दोन्ही शब्द आपल्यापुरते स्वीकारतो व कामास लागतो.

येथे कोणी म्हणेल, "मीही तरुणपणी घेतली होती, पण वेळीच सोडली. त्याला का सोडता आली नाही?" ह्या बोलण्यात थोडा गर्व आहे, आणि तो तपासून पाहिला पाहिजे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि ज्यांचे पिणे मदत लागण्याइतके वाढले आहे असे पाच कोटींहून अधिक आहेत. म्हणजे तिघांतला एक. एकाच वरातीत, एकाच बाटलीतून तिघे मित्र पितात. दोघे घरी येतात, आणि तिसऱ्याला घरची वाट पुन्हा सापडत नाही. त्या दोघांनी असे कोणते पुण्य केले होते? कित्येकांच्या रक्तातच आईबापांकडून ह्या व्यसनाकडे ओढ आलेली असते, हे आज वैद्यकास ठाऊक आहे. प्याला उचलताना ही ओढ कोणास आहे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. जो सुटला तो पुष्कळ अंशी अंधारात दगड मारून सुटला. म्हणून सुटलेल्याने बुडालेल्याकडे पाहून छाती फुगविणे उचित नाही. आणि म्हणूनच पहिला प्याला दिसतो तितका निर्दोष नाही, कारण तो उचलणारा न पाहिलेल्या विहिरीत उडी घेत असतो. थोडी घेतली तर प्रकृतीला बरी, ही समजूतही आता टिकत नाही. दारू कर्करोग उत्पन्न करते, हे १९८८ सालीच ठरले आहे, आणि आरोग्यास निर्धोक असे दारूचे काही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

ह्यावरून माझे म्हणणे वाचकांच्या ध्यानी आले असेल. कठोर बोलण्याची जागा पहिल्या प्याल्यापाशी आहे, कारण तेथे ऐकणारा अद्याप मोकळा असतो. दयेची जागा शेवटच्या प्याल्यापाशी आहे, कारण तेथे तो बांधलेला असतो. परंतु आपण काय करतो? नेमके उलटे. पोळ्याच्या दिवशी अठरा वर्षांच्या पोराने पहिल्यांदा घेतली की चुलते हसतात, मित्र पाठ थोपटतात, आणि उपदेशकही, "आजचा दिवस जाऊ द्या," म्हणून तोंड फिरवितो. तोच पोर चाळिसाव्या वर्षी गटारीत पडला म्हणजे सगळ्यांच्या हाती दगड येतात. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक पुष्कळांस ठाऊक आहे. त्यातील तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांना प्रेक्षक शंभर वर्षे पोट धरून हसत आले, आणि सुधाकराच्या अंताला पदराने डोळे पुसत आले. परंतु ज्या मंडळाला आपण हसलो, त्याच मंडळाच्या दारातून तो अंत आत आला, हे घरी जाताना किती जणांच्या मनात येते?

शास्त्रातील एक गोष्टही येथे आठवते. नोहा हा आपल्या काळचा नीतिमान मनुष्य. जलप्रलयातून वाचलेला तो द्राक्षारसाने बेशुद्ध होऊन आपल्या डेऱ्यात उघडा पडला. एका पुत्राने ते पाहिले व बाहेर जाऊन भावांना सांगितले. दुसरे दोघे पाठमोरे चालत आत गेले आणि त्यांनी बापाच्या अंगावर वस्त्र घातले. त्या दोघांनी बापाच्या पिण्यास चांगले म्हटले, असे कोठेही लिहिलेले नाही. त्यांनी फक्त पडलेल्यास झाकले. आमच्या पंचांच्या बैठकीत आम्ही त्या दिवशी पहिल्या पुत्राचे काम केले, आणि ते ठरावाच्या वहीत लिहून ठेवले.

आणखी एक पक्ष ह्या वादात नेहमी अदृश्य राहतो. तो म्हणजे विकणारा, आणि त्याच्या मागे उभे राहिलेले राज्य. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या अमदानीत दारूचा व शिंदीचा गुत्ता लिलावाने दिला जात असे. दारूच्या दुकानास गुत्ता म्हणण्याची चाल अजूनही आहे. पुण्यात नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहून हरकत घेतली होती. भारताच्या राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मादक पेये बंद करण्याचा यत्न राज्याने करावा असे म्हटले आहे, आणि १९४९ सालचा दारूबंदीचा कायदाही पुस्तकात आहे. असे असून अलीकडील वर्षांत महाराष्ट्राच्या तिजोरीत दारूपासून दरसाल वीस हजार कोटी रुपयांहून अधिक कर जमा होत आहे. ज्या हाताने खजिना भरून घ्यावा, त्याच हाताने पिणाऱ्याच्या तोंडात मारावी, हा न्याय नव्हे. आणि गावठी स्वस्त पडते म्हणून तिकडे जाणाऱ्या गरिबाची गत तर मालवणीस दिसली. मुंबईच्या त्या वस्तीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली.

तर मग दुकाने बंद करावी, एवढेच उत्तर आहे काय? तेही अर्धेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः खेड्यांतील स्त्रियांच्या चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली, आणि ती आजवर टिकली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, पण २०२१ साली, चोरटी दारू व गुन्हे वाढले असे कारण देऊन सरकारने ती उठविली. गडचिरोलीतही चोरटी दारू येतेच. म्हणून तेथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने गावोगावी समित्या व व्यसनावरील उपचार ह्यांची जोड देण्यात आली. ह्यावरून बोध असा की, केवळ दुकान बंद केले तर पिणारा चोरवाटेने जातो, आणि केवळ पिणाऱ्याला बरे केले तर परतीच्या वाटेवर दुकान त्याची वाट पाहत असते. दोन्ही कामे बरोबरच केली पाहिजेत.

आता मंडळ्यांनी काय करावे? चार गोष्टी सुचवितो.

पहिली. शपथेपूर्वी दवाखाना. रोज पिणाऱ्यास एकाएकी सोडावयास लावू नये. आधी त्याला सरकारी रुग्णालयात न्यावे, डॉक्टरांस सर्व खरे सांगावे, आणि तेथून तो सावरून आल्यावर हवी तर प्रार्थना व शपथ घ्यावी. कंप, झटके वा भ्रम दिसल्यास बाधा समजून घटकाभरही दवडू नये. कोठे जावे हे कळत नसल्यास १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यास पैसे पडत नाहीत.

दुसरी. दया करावी ती बायकोच्या पाठीवरून करू नये. मद्यपी रोगी आहे म्हणून त्याचा मार सोस, असा उपदेश कोणत्याही उपदेशकाने कोणत्याही बहिणीस करू नये. तिला व मुलांना आधी सुरक्षित जागी ठेवावे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा तिच्यासाठीच आहे. रोग्यावर उपचार आणि घरच्यांचे रक्षण ह्यांत विरोध नाही.

तिसरी. पहिल्या प्याल्याला हसणे आजपासून बंद. आपल्या लग्नांत, वरातींत व सणांत एक बाटलीही येऊ नये, आणि आली तर यजमानास स्पष्ट बोलावे. ज्या गावी दुकान आहे, तेथे २००८ सालच्या नियमाप्रमाणे गावच्या मतदारांपैकी अथवा स्त्री-मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी केल्यास मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद होते. बहिणींनो, ही सही तुमच्या हातची आहे.

चौथी. उपदेशकाने आधी आपला खिसा पाहावा. राज्यात गुटख्यास २०१२ सालापासून बंदी आहे, तरी पुडी कोणाकोणाच्या सदऱ्यात असते हे आपण जाणतो. पुडी तोंडात ठेवून बाटलीवर प्रवचन केले तर ऐकणारा आपल्या तोंडाकडे पाहतो, शब्दांकडे पाहत नाही. आणि ज्याने पुडी सोडण्याचा यत्न करून पाहिला आहे, त्याला मद्यप्याविषयी बोलताना आवाज उंचावण्याचे धैर्य सहसा होत नाही.

त्या शेतमजुराचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, आणि ह्या वेळी त्याच्या उशाशी मी स्वतः बसलो. तो सावरून परत आला, चार महिन्यांनी पुन्हा घसरला, पुन्हा नेला. आता काही महिने झाले, तो पीत नाही. उद्या पिणार नाही असे तो म्हणत नाही. "आजचा दिवस गेला, साहेब," एवढेच म्हणतो. मीही त्यास अधिक विचारीत नाही. एका माणसास आजच्या दिवसापेक्षा अधिक कशाची हमी देता येते?

ठरावाची वही पंचांपुढे पुन्हा उघडली, तेव्हा मी म्हणालो की, ह्याचे नाव परत लिहिण्यापूर्वी माझी एक चूक लिहून घ्या. तशी ती लिहिली आहे. त्या बहिणीस मी जाऊन क्षमा मागितली. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने चहाचे आधण ठेवले. मला तेवढे उत्तर पुरेसे वाटले. पुढच्या रविवारी ती दोघे मुलांना घेऊन आली व मागच्या चटईवर बसली.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावीही असा एक जण असेल. त्याचे नाव वहीत आहे की खोडले आहे, ते पाहा. खोडले असेल तर, ते कोणत्या प्याल्याकरिता खोडले, आणि त्याच्या पहिल्या प्याल्याच्या वेळी आपण कोठे बसलो होतो, हे स्वतःस विचारा. आणि मग येत्या रविवारची वाट न पाहता, आजच त्याच्या घरी जा.